बाबांच्या काचेमागचा वारा

वारा आटोक्यात आला तर गाडी राहील, नाहीतर विकायची, असं आईनं ठरवलं आणि बाबांनी ते मान्य केलं. तेव्हापासून आमच्या येलहंक्याच्या घरात दुसरा विषय उरला नाही. मला पहिल्यापासून आशा नव्हती. पण नुसत्या वाटण्याला आमच्या घरात किंमत नाही, पुरावा लागतो.

बाबांचा सगळा जन्म सरकारी संस्थेत वाऱ्याच्या बोगद्यापाशी गेला. विमानाची छोटी प्रतिकृती बोगद्यात बसवायची, पंखा सुरू करायचा आणि हवा कुठे सरळ जाते, कुठे बिथरते ते बघायचं, हे त्यांचं काम. निवृत्त झाल्यावर त्यांनी लांबच्या प्रवासाची मोठी मोटरसायकल घेतली. आईला वाटलं, वर्षभरात हौस फिटेल. ती फिटली नाही. बाबा एकटे हंपीला गेले, चिकमगळूरला गेले, थेट कोल्हापूरला आत्याकडे जाऊन आले. गाडीवर ते जेवढे सुखी असतात तेवढे आमच्यापैकी कोणाच्याही सोबतीत मी त्यांना पाहिलेलं नाही. हे लिहायला बरं वाटत नाही, पण खरं आहे.

गेल्या हिवाळ्यात देवनहळ्ळीच्या पुढे त्यांची गाडी आपली लेन सोडून शेजारच्या ट्रककडे सरकली. मी मागे बसले होते. ट्रकवाला हॉर्न दाबून बसला, बाबांनी गाडी कशीबशी कडेला घेतली. म्हणाले, वाऱ्यानं डोकं हलतं, आरशातलं दिसत नाही, हँडल थरथरतं. पुढची काच बुटकी आहे, तिच्यावरून येणारी हवा नेमकी हेल्मेटवर फुटते. यात खोटं काही नव्हतं. मागे मलाही गुद्दे बसतच होते. घरी आल्यावर आईला हे कळलं आणि तिनं आपली अट घातली.

मग प्रयोग सुरू झाले. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हा बाबांचा जुना नियम. आमटी खारट झाली तरी ते आईला सांगतात, उद्या फक्त मीठ कमी कर, चिंच तेवढीच ठेव. त्यामुळे काच बदलली त्या आठवड्यात दुसऱ्या कशालाही हात लावायचा नाही. आधी उंच काच आणली. हेल्मेटच्या समोरचा मार वर सरकला, पण काचेमागे पोकळी होऊन हवा पाठीकडून आत यायला लागली. मग काच थोडी पुढे घेऊन खाली फट ठेवायची ठरली. त्यासाठी चिकपेटेच्या बाजारातल्या गल्ल्या पालथ्या घालून आम्ही रबरी वॉशर आणले, आणि तिथूनच लाल लोकरीची गुंडी. लोकरीचे बोटभर धागे बाबांनी काचेच्या आतून आणि हेल्मेटवर चिकटवले. हवा शांत असली की धागा आडवा पडून राहतो, बिथरली की भिरभिरतो. ते टिपायला काचेमागे फोन अडकवला. शेजारच्या अक्कांनी विचारलं, कुठली पूजा आहे का. मला हसू आलं नाही.

कारण घरात सगळ्यांना एक गोष्ट दिसत होती आणि कोणी बोलत नव्हतं. बाबांच्या हातातला कप बशीवर किणकिणायचा. गाडी चालवून आलं की हात थोडा वेळ झिणझिणतातच, असं ते म्हणायचे आणि आई लगेच मान हलवायची. गाडी आठवडाभर जागेवर असली तरी हेच उत्तर. थोरल्या काकांचंही असंच सुरू झालं होतं. शेवटी शेवटी त्यांना बाबाच भरवायचे, आणि घास भरवताना काकांच्या तोंडाकडे न बघता भिंतीकडे बघायचे. डॉक्टरांकडे जाऊ या, असं मी एकदा म्हणाले. आधी वाऱ्याचं मिटवू, बाबा म्हणाले. पुन्हा विचारायचं बळ माझ्यात नव्हतं.

काचेच्या वरच्या कडेला हवा उडवणारी छोटी पट्टी बसली, तिचा कोन बदलून बदलून पाहिला. टाकीच्या दोन्ही बाजूंना पत्रे लागले, खालून येणारी हवा अडली. एकेक आठवडा एकेक संशयित सुटत होता. एका रविवारी फोनमध्ये पाहिलं तर सगळे धागे निपचित पडलेले. माझ्या बाबांनी खरंच वारा जिंकला होता. त्याच चित्रफितीत खालच्या कोपऱ्यात त्यांचा उजवा हात दिसत होता. आम्ही दोघांनी तो पाहिला आणि दोघंही धाग्यांबद्दलच बोललो.

पुढच्या रविवारी पहाटे त्यांनी मला हाक मारली. देवनहळ्ळीच्या पुढे, नव्या घरांच्या लेआउटच्या कमानीजवळच्या कॉफीच्या टपरीपाशी त्यांनी गाडी थांबवली आणि किल्ली माझ्या हातात दिली.

"बाकी सगळं बदलून झालं," ते म्हणाले. "आता चालवणारा बदलू. पुलापर्यंत जा, ऐंशीवर ठेव आणि ये."

मी म्हणाले, कशाला, नको. त्यांनी ऐकलं नाही. गाडी चालवायला मला त्यांनीच शिकवलं होतं. मी गेले. काचेमागे इतकी शांत हवा होती की हेल्मेटच्या आत मला माझाच श्वास ऐकू येत होता. आरशात मागची टॅक्सी, तिचा नंबर, चालकाच्या कपाळावरचं गंध, सगळं स्वच्छ दिसत होतं. पुलापाशी वळताना मला रडू आलं. खोटं बोलायचं मी तिथेच ठरवलं. गाडी विकावी लागली तरी चालेल, पण दोष गाडीचाच निघू दे.

बाबा बाकावर बसले होते. कॉफीचा पेला त्यांनी दोन्ही हातांनी धरला होता.

"हललं का?"

"हललं, बाबा. आरसा तर अजिबात दिसत नाही."

त्यांनी काचेमागचा फोन काढून घेतला आणि चित्रफीत शेवटपर्यंत पाहिली. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "बोगद्यात असं कोणी केलं असतं तर मी त्याला घरी पाठवलं असतं."

टपरीवाल्यानं विचारलं, आणखी कॉफी? साकु, पुरे आता, बाबा म्हणाले. मला त्यांचा राग आला, त्या लोकरीचा आला. निदान एक शंका तरी शिल्लक ठेवता आली असती, तीही त्यांनी स्वतःच्या हातानं खोडून टाकली होती.

निघताना त्यांनी किल्ली मागितली नाही. मी पुढे बसले आणि ते मागे चढले. आधाराला त्यांनी हात माझ्या खांद्यांवर ठेवले. मी गाडी सावकाश, अगदी सायकलसारखी चालवत होते, वारा नव्हताच. तरी येलहंक्यापर्यंत माझा उजवा खांदा हलत राहिला.