कडीचा टाक

लगीनसराईत ब्लाउज शिवणाऱ्या बाईला कुणी ‘सवड आहे का’ असं विचारू नये. माझ्या जालन्यातल्या दुकानात तेव्हा कापडाचा ढीग कमरेला लागतो आणि प्रत्येकीला आपलं ब्लाउज हळदीच्या आत हवं असतं. नेमकी त्याच दिवसांत दादाला, म्हणजे माझ्या थोरल्या भावाला, देवघरातले टाक नवे करायची घाई सुटली. त्याच्या मुलाचं लग्न होतं. लग्नाआधी झिजलेले टाक सोनाराकडून त्याच चांदीत नव्याने घडवून घ्यायचे, ही आमच्या घरची रीत.

टाक म्हणजे चांदीच्या पत्र्यावर उठवलेले देव आणि घरातली गेलेली माणसं. आमचे पूर्वज मेंढरांमागं रानोमाळ हिंडले. लिहून कुणी काही ठेवलं नाही, जे ठेवलं ते या पत्र्यांत. घोड्यावरचा खंडोबा सोडला तर बाकी कोण, हे दादालाही सांगता येईना. गेली काही वर्षं मी हेच शोधत होते. गिऱ्हाइकाचं माप घेता घेता आडनाव, गाव, सोयरीक विचारायची. हुक लावता लावता फोनवर म्हाताऱ्यांना बोलतं करायची. घरचे हसायचे, “झालं सुरू हिचं!” हसा म्हटलं, खुशाल हसा.

“नवे केले की चेहरे बदलतील. आधी कोण कोण ते आत्याला विचारून येते,” मी दादाला म्हणाले.

“सोनार संध्याकाळपर्यंत थांबंल, पुढं न्हाई. त्याच्याकडं बी लाइन लागलीय.”

आत्या म्हणजे वडिलांची मोठी बहीण, टेंभुर्णीला दिलेली. त्या पिढीतली तीच एक उरलेली, पण टाक घेऊन तिच्याकडे जायचं दर वेळी राहून जायचं. फोनवर तिला ऐकू येत नाही; समोर बसून बोललं तर ओठांवरून कळतं, पण ओरडलं तर ती चिडते. मी टाक लाल फडक्यात बांधले आणि शटर ओढायला गेले, तर एक गिऱ्हाईक दारातच उभं.

“ताई, माझं ब्लाउज?”

“उद्या सकाळी!”

“अहो, उद्या हळद आहे माझ्या पोरीची!”

“मग हळदीच्या आधी देते. जाऊ द्या हो मला आता!”

बस प्रत्येक फाट्यावर थांबली. एका ठिकाणी तर ड्रायव्हर चहा प्यायला उतरला. माझा नुसता जळफळाट झाला. इकडे ब्लाउज, तिकडे सोनार, आणि मधे मी खिडकीला डोकं लावून बसलेली.

आत्या ओसरीवर होती. तिने एकेक टाक तळहातावर घेतला, अंगठ्याने चाचपला. “ही रेणुकाई. हा तुझ्या आजाचा चुलता, मेंढरं घेऊन गेल्ता तो आलाच न्हाई.” मी मोबाइलवर तिचं बोलणं भरून घेत होते. मला इतका आनंद झाला होता की सोनाराचाही विसर पडला. तेवढ्यात तिने रिकामं फडकं झटकून पाहिलं.

“कडीचा कुठंय?”

“तो टाक नव्हता गं आत्या. आजीच्या गळ्यातलं पदक होतं ते. दादा ते मोडून सुनेला जोडवी करतोय.”

आत्याचा हात तिथल्या तिथे थांबला.

“माय हाय ती माझी.”

मला काही कळेना. “तुझी माय म्हणजे आजीच ना?”

“तुझी आजी तुझ्या बापाची माय. माझी माय मी रांगत असतानाच गेली. मंग बापानं दुसरी केली. दुसरीनं मेल्या सवतीचा टाक गळ्यात घालायचा, अशी रीत. तुझ्या आजीनं मरेस्तोवर घातला. बाई वाईट नव्हती, मला पोटच्यावानी पाह्यलं. पण तिच्या मांडीवर बसलं की माझी माय बराबर माझ्या तोंडापुढं लटकायची. तिचा फोटो न्हाई, काही न्हाई. तेवढीच हाय ती.”

मी दादाला फोन लावला. उचलेना. पुन्हा लावला. उचल की रे दादा, उचल! आत्या माझ्या ओठांकडे बघत होती. शेवटी त्याने उचलला. मागे हातोडीची टकटक आणि भट्टीचा पंखा.

“सोनाराकडंच आलोय. दिलं की ते.”

“परत घे! वितळू देऊ नकोस! आत्याची आई आहे ती!”

“काय बोलून राह्यलीस तू?”

“आधी थांबव त्याला, मग विचार!”

“ओ शेठ, थांबा, थांबा!” असं तो ओरडला, आणि मग नुसता पंखाच ऐकू येत राहिला. आत्याने माझं मनगट धरलं. तिची नखं रुतत होती. तिला काही ऐकू येत नव्हतं, आणि मला ऐकू येत असून तिला सांगण्यासारखं काही नव्हतं.

“घेतलं,” दादाला धाप लागली होती. “हातात हाय माझ्या. कडी तेवढी कापली त्यानं, ती गेली मुशीत. चेहरा बराबर हाय. सांग तिला, नवी कडी बसवून देतो म्हणावं.”

मी आत्याच्या कानाशी तोंड नेऊन मोठ्याने ओरडले. त्या दिवशी ती चिडली नाही. माझं मनगट सोडून तिने पदराने डोळे पुसले.

“कडी नको म्हण त्याला,” ती म्हणाली. “लई वर्सं लटकली ती. आता देवघरात बसू दे तिला.”