मावशीच्या तळ्याची बोली

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात — माझी तर झाकून झाकून आखडून गेली आहे.

मी अर्थशास्त्र शिकवतो. लिलाव हा माझा विषय. कुठल्या नियमाने लोक कशी बोली लावतात, यातच आयुष्य गेलं. थोडंफार नाव झालं, तेही एका लेखामुळे. तो लेख जव्हारजवळच्या माझ्या आजोळच्या तळ्याबद्दल होता. मग बिघडलं कुठे, असं विचाराल?

त्या तळ्यातल्या मासळीचा गाव दरवर्षी लिलाव करी. लिलाव कसला — माझी काशीमावशी बोली लावायची आणि बाकीचे गप्प बसायचे. ती विधवा, जमिनीचा तुकडा नाही. सगळ्यांनी मिळून तळं तिच्यासाठी ठेवलं होतं. हे मला लहानपणापासून माहीत होतं. आणि लेखात मी काय लिहिलं? इथल्या लोकांना बोली लावणं कळत नाही. धडधडीत खोटं!

तेवढ्यावर थांबलो असतो तरी चाललं असतं. पण मला चढती बोली हवी होती — नाहीतर लेख छापणार कोण? मी मावशीच्या माघारी पंचांना नवा नियम करून दिला. बाहेरच्यांनाही बोलवा, पैसे वाढतील, शाळेवर पत्रे पडतील. शिकलेला भाचा सांगतोय म्हणून त्यांनी ऐकलं.

मोखाड्याचा एक व्यापारी आला. एक वार, दोन वार — मावशीने माझ्याकडे पाहिलं. मी खाली पाहत राहिलो.

शाळेवर पत्रे पडले, हे खरं आहे. मावशी वीटभट्टीवर जाऊ लागली, हेही खरं आहे. जाण्याआधी तिने विचारलं, "पोरा, ह्यो नेम कुणी केला र?"

वरून आला, म्हणालो. इतकं सहज कसं बोलून गेलो? मला माझी लाज वाटते, पण त्या दिवशी वाटली नव्हती.

मावशी आता थकली आहे, तरी पाऊस सरला की भट्टीवर जातेच. गावात कुणी तळ्यावरून मला बोल लावला की अजून भांडायला उठते. गेल्या महिन्यातही उठली. "माझा भाचा काय करील? नेम वरून आला त्याला!"

मी तिच्या शेजारीच बसलो होतो. तिनेच केलेला चहा पीत होतो.