वस्तीची बस

लग्न होऊन मी जोयडा तालुक्यातल्या आमच्या गावी आले, ते ऐंशीच्या दशकाच्या शेवटी. जवळ इंग्रजीची पदवी होती आणि ती मिरवायची हौसही. जोयड्याच्या शाळेत नोकरी मिळाली ती वस्तीच्या बसच्या भरवशावर. ही बस संध्याकाळी गावात यायची, रात्री मुक्काम करायची आणि सकाळी जोयड्याला निघायची. ड्रायव्हर-कंडक्टरला पाळीपाळीने एकेका घरी जेवण असे. पाळी कुणी चुकवत नसे.

आमची पाळी होती तेव्हा नवा ड्रायव्हर आला होता. सासूबाईंनी, म्हणजे आमच्या आत्तींनी, भाकरी आणि कंदाची भाजी वाढली. मला कुठला दम निघतोय! मी सांगितलं, "बस हे एका लांबलचक लॅटिन शब्दाचं नुसतं शेपूट आहे. अख्ख्या शब्दाचा अर्थ सगळ्यांसाठी. इंग्रजांनी धड टाकलं नि शेपूट ठेवलं."

"सगळ्यांसाठी हाय खरं, वड्याजवळचा रस्ता खचलाय," ड्रायव्हर म्हणाला. "उद्या डेपोत सांगतो. आता बस फाट्यापतोरच."

फाटा दोन कोसांवर, मध्ये सगळं रान. बस बंद म्हणजे नोकरीही बंद. जेवणं झाल्यावर आत्ती शेजारी जाऊन आल्या.

सकाळी बस ओढ्याशी आली तर तिथे सारा गाव. कुणी दगड रचत होतं, कुणी वर माती ओढत होतं. आत्तींच्या डोक्यावरही पाटी होती. ड्रायव्हर खाली उतरला, भरावावर पाय आपटून पाहिला आणि बस हळूच पलीकडे काढली. मग खिडकीतून डोकं काढून त्यानं विचारलं, "आज रातच्याला जेवान कुणाकडं हाय?"

मला इतका आनंद झाला की डोळे भरून आले. आत्तींना डिझेलच्या वासानेच मळमळायचं. जन्मात त्या बसमध्ये चढल्या नव्हत्या, आणि चढणारही नव्हत्या. मी खिडकीतून म्हटलं, "आत्ती, तुम्ही कशाला दगड उचललेत? तुम्ही कुठं जाता बसनं?"

पाटी झटकत त्या म्हणाल्या, "तू जातीस न्हवं?"