चाचांनी मधोमध कापलेलं गाईड

आमच्या शाळेच्या शिपायांना आम्ही सगळे चाचा म्हणायचो. वय पस्तिशीच्या आसपास. घंटा देणं, हजेरीपट वर्गावर्गात फिरवणं, पोस्टातून टपाल आणणं, संध्याकाळी खोल्यांना कुलपं लावणं ही त्यांची कामं. मी अकरावीत, म्हणजे तेव्हाच्या मॅट्रिकला होतो, त्या वर्षी त्यांनी सतरा नंबरचा फॉर्म भरला. शाळेत न बसता बाहेरून परीक्षा देणाऱ्यांचा तो अर्ज. शाळेचे कारकून निवृत्त होणार होते. हेडसरांनी चाचांना शब्द दिला होता की मॅट्रिक झालात तर ती जागा तुमची, मात्र जूनच्या पुढे थांबता येणार नाही.

पोरं त्यांना छेडायची. "चाचा, तुमी कारकून झाल्यावर घंटा कोन वाजोल?"

"तूच वाजोजो. नापास झाला तं कामच पाह्यजे ना तुले."

तेव्हा वाशीम अकोला जिल्ह्यात होतं. मी तिथे वसतिगृहात राहायचो. माझं गाव रिसोड रस्त्यावर, सात-आठ मैलांवर. आई-वडील लोकांच्या शेतात कामाला जात. आमच्या बौद्ध वस्तीतून मॅट्रिकला बसणारा मी पहिला, म्हणून वडील भेटेल त्याला सांगत, "पोरगं औंदा मॅट्रिक होते." ते ऐकलं की मी पुस्तक घेऊन बसायचो. गणिताची मला भीती नव्हती. इंग्रजीची होती.

इंग्रजीच्या पेपरात एक प्रश्न ठरलेला असे. सहा-सात शब्दसमूह द्यायचे आणि ते वाक्यात वापरायला सांगायचे. दहा गुण. एक साधं क्रियापद, त्यामागे एक किंवा दोन बारके शब्द. लुक म्हणजे पाहणं, हे आम्हाला पाचवीपासून ठाऊक. पण लुक आफ्टर म्हणजे सांभाळणं, लुक फॉर म्हणजे शोधणं, लुक इनटू म्हणजे चौकशी करणं, आणि लुक डाउन अपॉन म्हणजे तुच्छ लेखणं. बारका शब्द बदलला की पाहण्याचं काही उरतच नसे. चाचा म्हणायचे, "आता हेडसर मायाकडं पाह्यते, तं मी आधी हे पाह्यतो का त्याच्या मांगं कोनता शब्द लागून राह्यला."

ते वर्गाच्या दाराशी उभे राहून इंग्रजीचा तास ऐकत. एकदा सरांनी पुट अप विथ म्हणजे सहन करणे असं फळ्यावर लिहिलं. चाचा दारातूनच म्हणाले, "सर, पुट म्हणजे ठेवणं, अप म्हणजे वर, विथ म्हणजे संगं. यात सहन करणं कुठून आलं?" वर्ग हसला. सर हसले नाहीत. त्यांनी विचारलं, "तुम्ही पोराला म्हणता ना, त्याचे पैसे देऊन टाक? तिथं काय टाकता?" चाचा म्हणाले, "बरोबर हाय. काहीच टाकत नाई." मला हा विषय थोडाफार उमगला तो त्या दिवशी. शब्दांची बेरीज करून अर्थ निघत नाही. ते एकत्र राहून राहून जे होतात, ते तसंच ओळखावं लागतं. आणि शेवटचा शब्दही सोडून चालत नाही. रन आउट ऑफ म्हणजे जवळचं संपणं; त्यातला ऑफ विसरला की काय संपलं ते पुढे जोडताच येत नाही.

चाचांनी अकोल्याहून एक गाईड आणलं होतं. त्यात असले सगळे शब्दसमूह क्रियापदांच्या अक्षरक्रमाने दिलेले होते. माझ्याकडे काहीच नव्हतं. एका शनिवारी त्यांनी मला ऑफिसमागे बोलावलं, कागद कापायच्या सुरीने ते नवं गाईड मधोमध कापलं, आणि हजेरीपट शिवायच्या दाभणाने दोन्ही भाग शिवून दिले. ब्रेकपासून ‘ले’पर्यंत एक भाग, लुकपासून टर्नपर्यंत दुसरा.

"काहून कापलं चाचा? नवं होतं."

"एका वक्ताले दोघं वाचतीन का एक किताब? दर शनिवारी अदलाबदल करू. अन् मले इचारत जाजो. मायं डोकं आता जुनं झालं."

असं चार महिने चाललं. दुपारच्या सुट्टीत ते मला विचारत, मी त्यांना. ते माझ्याहून लवकर पाठ करत, आणि विसरतही लवकर. म्हणायचे, "मले हे पेपराच्या आधल्या हप्त्यात सारं एकदा पाहा लागन, नाही तं उडून जाईन."

परीक्षेआधी अभ्यासाची सुट्टी लागली आणि मी गावी आलो. दुसरा भाग माझ्याकडे होता. पेपराआधीच्या शेवटच्या शनिवारी वाशीमला जाऊन तो चाचांना द्यायचा, पहिला आणायचा, असं ठरलेलं. मी गेलो नाही. टेक आणि टर्न माझे पक्के झाले नव्हते. आणखी दोन दिवस ठेवावा, असं मनाशी म्हणालो.

रविवारी दुपारी चाचा सायकलवर गावात आले. सदरा घामाने पाठीला चिकटलेला. मी त्यांना लांबूनच पाहिलं आणि तो भाग ज्वारीच्या कोठीमागे सरकवला. का, ते मी आजही नीट सांगू शकत नाही. त्या क्षणी मला फक्त वडिलांचा चेहरा दिसत होता.

"चाचा, तो भाग वाशीमलेच राह्यला. होस्टेलले. खोलीले कुलूप हाय."

त्यांनी सायकलच्या हँडलवरून पिशवी काढली. मग म्हणाले, "असू दे. हे घे तुहा भाग." आणि पिशवीतून पहिला भाग काढून माझ्या हातात दिला. आता दोन्ही भाग माझ्याकडे होते. पाणी पिऊन ते तसेच उन्हात परत निघाले.

परीक्षेत ते माझ्यापुढे दोन बाक सोडून बसले होते. तो प्रश्न आला. पुट अप विथ, रन आउट ऑफ, स्टँड बाय, टेक आफ्टर, टर्न डाउन, सेट इन. सगळे दुसऱ्या भागातले. मी भराभरा लिहिलं. मधे मान वर केली तेव्हा चाचांचा टाक थांबलेला होता आणि ते भिंतीकडे बघत होते. पुट अप विथ त्यांनी नक्की लिहिलं असेल.

जूनमध्ये गुणपत्रकांचा गठ्ठा पोस्टातून चाचांनीच आणला. माझं पत्रक त्यांनी स्वतः माझ्या हातात दिलं आणि पाठीवर थाप मारली. त्यांचे बाकी सगळे विषय सुटले होते. इंग्रजीत एकोणतीस. पस्तीस लागायचे. पंधरा दिवसांनी नवे कारकून कारंज्याहून रुजू झाले. त्यांच्यासाठी टेबल पुसून ठेवलं ते चाचांनी.

मी कॉलेजात गेलो. आमच्या घरात पहिला पदवीधर झालो. ज्या शिक्षकांनी, वसतिगृहाने, आई-वडिलांनी मला इथवर आणलं, त्यांचे उपकार मी सगळीकडे सांगत असे. चाचांचं नाव निघालं की गप्प होत असे. बी.ए.चा निकाल लागल्यावर मात्र ठरवलं, आणि एका संध्याकाळी शाळेत गेलो. ते खोल्यांना कुलपं लावत होते. मला बघून खूप खूश झाले, गळ्यात पडले.

मी म्हणालो, "चाचा, तुमी त्या रविवारी गावात आल्ते ना. तो भाग होस्टेलले नव्हता. घरातच होता. मी लपोला होता."

ते कुलूप हातात धरून उभे राहिले.

"घरातच होता?"

"हो."

त्यांनी कुलूप कडीत अडकवलं. मग अगदी हळू म्हणाले, "मंग सांगाचं होतं ना बाबू. मी संध्याकाळलोक थांबलो असतो. दोघं मिळून वाचलो असतो."

हे मला त्या रविवारी सुचलंच नव्हतं. आमच्या ओट्यावर जागा होती. आईने भाकरी टाकली असती. एका गाईडवर दोन माणसं सहज वाकली असती.

मी त्यांचे पाय धरायला वाकलो. त्यांनी मला मधेच धरून उभं केलं, पण हात लगेच सोडला. उरलेल्या तीन खोल्यांना त्यांनी कुलपं लावली. मी व्हरांड्यात उभा होतो. शेवटी ते आले आणि माझ्याकडे न पाहता म्हणाले, "जाय आता. येष्टी सुटन तुही."