सुन्न होण्याआधी

पोस्टिंग डोंगरातल्या आघाडीच्या एका पोस्टवर होती. मी सैन्यात नर्सिंग असिस्टंट. डॉक्टरसाहेब खाली बटालियनला. वर दवाखाना म्हणजे पत्र्याची खोली, एक खाट आणि मी. टाक्यांवर माझा हात असा बसला होता की जवान मला टेलर मास्टर म्हणत. मलाही ते आवडायचं, खोटं कशाला बोलू.

सकाळी १०.४० ला पाण्याची गाडी वळणावर उलटली. ड्रायव्हरचं खरचटण्यावर निभावलं. शेजारी बसलेला शिपाई प्रमोद वानखडे स्वतःच्या पायांनी माझ्याकडे आला. तो मोझरीजवळचा, मी अकोल्याचा. आमचं बोलणं वऱ्हाडीतच चालायचं. काचेनं त्याचा डावा हात कोपरापासून मनगटापर्यंत फाटला होता.

"लई दुखून राहिलं काय रे?"

"नाई बा. तुमी शिवा. मले झोप येऊन राहिली."

जखम धुतली, कडेकडेनं लिग्नोकेन टोचलं. कातडी सुन्न व्हायला काही मिनिटं थांबावं लागतं. मी अर्ध्या मिनिटातच सुई टोचून पाहिली.

"लागते काय?"

"नाई."

औषध लवकर चढलं, असं मी धरून चाललो. अकरा टाके घातले, एकसारखे. त्यानं एकदाही हात ओढला नाही. शेवटची गाठ मारताना त्याची बोटं गार लागली. नाडी हाताला जेमतेम लागत होती. पोट कडक झालं होतं. औषध चढलंच नव्हतं, आतल्या रक्तस्रावानं तोच सुन्न होत चालला होता.

११.१५ ला रेडिओ सेट उचलला.

"कॅज्युअल्टी एक. पोटात रक्तस्राव. तात्काळ खाली हलवायचंय. ओव्हर."

"चालू शकतो का? ओव्हर."

"आता नाही. ओव्हर."

स्ट्रेचर निम्म्या उतारावर असताना प्रमोद गेला. आधी माणूस तपासायचा, मग जखम, हे मला ट्रेनिंगच्या पहिल्याच महिन्यात शिकवलं होतं. चौकशीत माझ्यावर ठपका आला नाही. मी तो स्वतःवर ठेवला.

आता अकोल्यात एका दवाखान्याच्या ड्रेसिंग रूममध्ये असतो. सुई पाहून कोणी बोंब ठोकली की मला बरं वाटतं. गुमान पडून राहणाऱ्याची भीती वाटते. त्याची नाडी, बीपी, पोट पाहिल्याशिवाय मी लिग्नोकेनची बाटली हातात घेत नाही.

प्रमोदच्या घरी जायला मला नऊ वर्षं लागली. त्याची आई ओसरीत तूर निवडत होती. मी कोण ते सांगितलं. मग तिनं एकच विचारलं.

"भाऊ, त्याले लई दुखलं काय?"

"नाई काकू. कायच दुखलं नाई."

"बरं झालं बाप्पा," ती म्हणाली आणि पदरानं डोळे पुसले.

मी खोटं बोललो नव्हतो. प्रमोदनं मलाही तेच सांगितलं होतं, आणि मी शिवत राहिलो होतो.