डाव्या बाजूची पिंपं

मी धावताना फार सुंदर दिसते, अशी माझी पक्की समजूत होती. शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर सकाळी बसलेले आजोबा मान वळवून बघायचे, ते त्याचमुळे, असंही मी धरून चालले होते. मग परळच्या एका फिजिओथेरपिस्टनं मला माझाच व्हिडिओ दाखवला, आणि आजोबा का बघत होते ते नीट समजलं.

झालं होतं असं की माझा डावा गुडघा बाहेरच्या अंगानं ठणकायला लागला होता. एरवी मी बाम चोळून गप्प बसले असते. पण जानेवारीत दहा किलोमीटरची शर्यत होती आणि ती चुकवून चालणार नव्हतं. आमची नायगावची बीडीडी चाळ पाडायची होती. टॉवरमधल्या घरांची सोडत निघाली, आणि समोरच्या खोलीतली माझी मैत्रीण एका टॉवरात गेली नि मी दुसऱ्यात. जन्मापासून दार उघडलं की समोर हीच दिसायची, दात घासताना, भांडताना, नवऱ्याच्या नावानं बोटं मोडताना. चाळ सोडायच्या आधी दोघींनी मिळून काहीतरी अचाट करायचं, असं आम्ही ठरवलं होतं. म्हणून शर्यतीत नावं घातली, एकसारखे पिवळेजर्द टीशर्टसुद्धा आणले. गुडघ्याचं ऐकल्यावर ती म्हणाली, "तू नाय तर मी पण नाय. एकटी पळून कोणाला दाखवू?" म्हणजे माझा एक गुडघा दोघींची शर्यत घेऊन बसला होता.

फिजिओ वयानं माझ्या भाचीएवढी, बोलणं अगदी स्वच्छ. तिनं माझ्या घोट्यांवर, गुडघ्यांवर, कमरेवर गोल स्टिकर चिकटवले, मला ट्रेडमिलवर चढवलं आणि स्टँडवरच्या मोबाईलनं आधी बाजूनं, मग मागून शूटिंग केलं. नंतर ते सगळं संथ गतीत मोठ्या पडद्यावर लावलं. स्वतःचं बूड इतक्या सावकाश डुलताना बघायची वेळ शत्रूवरही येऊ नये. मी हसू दाबत होते, पण ती गंभीर होती.

"हा डावा खांदा बघा, आत आणि मागे जातोय. कोपर बरगडीला चिकटलंय. आणि डावं पाऊल मधली रेघ ओलांडून उजव्याच्या पुढ्यात पडतंय. गुडघ्यावर ताण येतो तो यानं."

बघते तर काय, पडद्यावरची बाई भरलेल्या बसमधून दाराकडे वाट काढावी तशी, एक खांदा चोरून पळत होती.

"इथे कधी लागलं होतं का?" फिजिओनं विचारलं.

"नाही हो."

"मग हा खांदा तुम्ही कोणापासून वाचवताय?"

हे सुधारलं नाही तर शर्यत विसरा, असं तिनं गोड आवाजात सांगितलं. तिच्या गोड आवाजाचा मला भयंकर राग आला.

घरी येऊन आईला व्हिडिओ दाखवला. तिनं चष्मा लावला, मोबाईल लांब धरला आणि क्षणभरही विचार न करता म्हणाली, "अगो, ही तर नळाला पाणी आल्यावर पळते तशी पळतेय!"

आणि माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. आमच्या चाळीत मधून लांबलचक अंधारा कॉरिडॉर आणि दोन्ही अंगांना खोल्या. पाण्याची निळी पिंपं सगळ्यांनी एकाच भिंतीला लावायची, नळाकडे जाताना डाव्या हाताला, हा आमच्या मजल्याचा आमच्या जन्माआधीचा नियम. उरलेली वाट एका माणसापुरती. पाणी आलं की रिकामी कळशी घेऊन पळायचं. येताना कळशी भरलेली, त्यामुळे पळायचा प्रश्नच नाही. म्हणजे बालपणभर मी पळाले ती एकाच दिशेनं, आणि पिंपाला कोपर लागू नये म्हणून डावी बाजू चोरून!

मैत्रिणीला हे सांगितलं तर ती जागच्या जागी उडाली. "थांब, सगळ्यांना पळवते!" रविवारी सकाळी तिनं खरोखरच अख्खा मजला कॉरिडॉरमध्ये उभा केला आणि नळाजवळ मोबाईल धरून बसली. गाऊनवर ओढणी घेतलेली वहिनी पळाली, डावा खांदा आत. शेवटच्या खोलीतले गिरणीतून निवृत्त झालेले काका बनियनवर पळायला उभे राहिले. "माझा नाय हां असा खांदा जात," त्यांनी आधीच बजावलं. व्हिडिओत त्यांचा खांदा त्यांच्या आधी निघाला होता. आई उंबऱ्यावर पोट धरून बसली. काका चिडून पुन्हा पळाले, पुन्हा तेच. त्या दिवशी मजल्यावर कोणाचीच भाजी वेळेवर शिजली नाही.

पुढच्या वेळी मैत्रिणीला सोबत घेऊन गेले. ते व्हिडिओ बघून फिजिओ पहिल्यांदा हसली, चांगली डोळे पुसेपर्यंत. "हा आजार नाही, सवय आहे," ती म्हणाली. तिनं कमरेच्या ताकदीसाठी रबरी पट्ट्याचे व्यायाम दिले, जे करताना मी तिला मनातल्या मनात रोज शिव्या घातल्या. आणि वर सांगितलं, "पळताना तुमच्या डाव्या बाजूला कोणीतरी असू दे. खांद्याला कळायला हवं, तिथे पिंप नाही, माणूस आहे."

"म्हणजे मी पिंप?" मैत्रीण म्हणाली.

"आकारानं आहेसच," मी म्हटलं. तिनं क्लिनिकमध्येच मला चापट मारली.

चाळीच्या पटांगणात आम्ही रांगोळीनं लांब रेघ ओढली. रेघेच्या दोन्ही बाजूंना माझी पावलं, आणि डावीकडे ही. पहिल्या दिवशी आम्ही एकमेकींवर आदळत होतो. दुसऱ्या दिवशीही. लहानपणापासून आम्ही दोघी शाळेला पळालो, नळाला पळालो, जयंतीच्या मिरवणुकीला उशीर झाला म्हणून पळालो, पण नेहमी मी पुढे आणि ती मागे, कारण तिला वेळेवर चप्पल सापडायची नाही आणि वाट एकाचीच. आम्ही कधी बरोबरीनं पळालोच नव्हतो. हे लक्षात आलं आणि मला एकदम रडू फुटलं. "गुडघा काय गं?" तिनं घाबरून विचारलं. "हो," मी म्हटलं.

शर्यतीच्या आधी पुन्हा व्हिडिओ काढला. कोपर सुटलं होतं, पाऊल आपल्या जागी पडत होतं. ठणकाही बराच उतरला होता. "जा, पळा," फिजिओ म्हणाली, आणि मी तिला न विचारता मिठी मारली.

शर्यतीत आम्ही दोन पिवळ्या बाया वाटभर खिदळत होतो. कोणी संत्र्याची फोड दिली तरी हसायचो, कोणी टाळ्या वाजवल्या तरी हसायचो. शेवटी शेवटी मात्र दोन्हीकडून कठडे जवळ आले, गर्दी दाटली, आणि डावीकडची पावलं ऐकू येईनात. वळून बघितलं तर बाईसाहेब मुकाट्यानं माझ्या मागे लागलेल्या.

"पुढं हो ना," ती धापा टाकत म्हणाली. "जागा नाय."

मी मागे हात केला आणि तिचं मनगट धरून तिला बाजूला ओढलं. डाव्या हातानं.

"आहे गं जागा," मी म्हटलं. "ये."