सगळं एकदम लावा

नव्वदच्या दशकाच्या अखेरीस मी नगर जिल्ह्यातल्या एका खासगी इंजिनिअरिंग कॉलेजात कॉम्प्युटर लॅब सांभाळत होते. धूळ नको म्हणून चपला-बूट दाराबाहेर काढायचा नियम होता, त्यामुळे आतल्या गालिच्याला शेकडो पायमोज्यांचा आंबूस वास. की-बोर्ड उलटा केला की गुटख्याच्या पुडीचे तुकडे पडायचे. त्या खोलीत मला डबा उघडवत नसे.

सोबतीला लॅब असिस्टंट होते, पन्नाशीचे. सगळे त्यांना चाचा म्हणत. पूर्वी त्यांचं भिंगारला रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. इंग्रजी बेताचं, पण स्क्रीनवर आलेली एरर ते अक्षर न् अक्षर वहीत उतरवून घ्यायचे आणि पुन्हा तीच आली की वही काढायचे.

त्या वर्षी कॉलेजनं दोन प्रोसेसरचा सर्व्हर घेतला. त्यावर लिनक्स ही ऑपरेटिंग सिस्टीम टाकायचं ठरलं, तेही तयार पॅकेजं न घेता, प्रत्येक प्रोग्रॅम मूळ कोडपासून त्याच मशीनवर बांधून. एकामागून एक बांधत बसलो असतो तर महिना गेला असता. दोन प्रोसेसर आहेत तर कामंही जोडीनं लावू, असं आम्ही ठरवलं. पण कुठलीही दोन कामं बरोबर लावून चालत नाही. ज्या लायब्ररीच्या, म्हणजे सामाईक कोडच्या, आधारावर इतर प्रोग्रॅम चालतात, ती आधी पुरी व्हावी लागते. चाचांनी ड्रॉइंगच्या मोठ्या कागदावर तक्ता काढला. कोण कोणाच्या आधी, कोण कोणाबरोबर. आम्हा दोघांचे पंधरा दिवस त्यात गेले, आणि ते दिवस मला आवडले होते.

शेवटी मुख्य लायब्ररी दुरुस्त करून पुन्हा बसवायची आणि तिच्यावरचे काही प्रोग्रॅम बांधायचे राहिले. ती बसत असताना दुसरं काहीच चालवायचं नाही, असं चाचांनी तक्त्यावर लाल शाईनं लिहिलं होतं. नेमकी त्याच दिवशी तपासणी समिती आली.

आमचे विभागप्रमुख सकाळीच लॅबमध्ये आले. "कमिटी आत येईल तेव्हा स्क्रीनवर काहीतरी पळताना दिसलं पाहिजे. जे जे राहिलंय ते सगळं एकदम लावा."

चाचा म्हणाले, "सर, ही लायब्ररी एकटी होऊ द्या. संगट लावलं तर मशीन बसंल."

"चाचा, तुम्ही टेबलं पुसून घ्या." मग माझ्याकडे वळून, "मॅडम, लावा."

मी लावलं.

समितीतले तिघे आले. काळ्या पडद्यावर ओळी धावत होत्या. एकानं विचारलं, "हे काय चाललंय?" सर म्हणाले, "पॅरलल प्रोसेसिंग." ते गृहस्थ काडीनं दात कोरत "उत्तम" म्हणाले आणि तिघेही जेवायला गेले. दोनच मिनिटं थांबले असतील. त्यांची पाठ वळली तेव्हा मेमरी भरून डिस्क खडखडत होती. मग एररच्या ओळी आल्या. लायब्ररी अर्धवट बसलेली, तिच्यावर बाकीची कामं आदळलेली. साधी फाइलींची यादीसुद्धा दिसेना. बंद करून चालू केलं तर मशीन उठलंच नाही.

खाली पंगतीत सर श्रीखंडानं माखलेल्या बोटांनी समितीला आग्रह करत होते. मला वाढायला उभं केलं होतं. मी वाढत राहिले.

दुसऱ्या दिवशी सरांनी इंग्रजीत टाइप केलेला कागद पुढे केला. लॅब असिस्टंटनं परवानगीशिवाय कमांड दिल्यामुळे सर्व्हर बिघडला, खाली साक्षीदार म्हणून माझं नाव.

मी म्हटलं, "सर, कमांड मी दिली होती. तुम्ही सांगितलंत म्हणून."

"मॅडम, तुमची नोकरी अजून कायम व्हायचीय," ते म्हणाले.

मी कागद वाचला. त्यात 'परमिशन'चं स्पेलिंग चुकलं होतं. ते मी पेनानं दुरुस्त केलं, आणि मग सही केली. सरांची किळस मला आधीपासून होती, पण त्या दुरुस्त केलेल्या अक्षराची आठवण झाली की आजही स्वतःचीच येते.

चाचांची बदली होस्टेलच्या स्टोअरला झाली. ते आपलं सोल्डरिंग आयर्न न्यायला आले तेव्हा मी म्हणाले, "चाचा, त्या कागदावर माझी सही आहे."

"वाचलंय मी," ते म्हणाले. "तेवढं इंग्रजी येतं."

त्यांच्याच तक्त्यावरून मी एकटीनं सर्व्हर पुन्हा उभा केला. नंतर सरांनी तो तक्ता पुण्याच्या एका परिसंवादात स्वतःचा म्हणून मांडला. प्रोजेक्टरसाठी तो पारदर्शक कागदांवर उतरवून मीच दिला. पुढच्या जूनमध्ये मी कायम झाले.

चाचा सुप्याच्या एका कारखान्यात लागल्याचं कळलं. एकदा नगरच्या स्टँडवर ते गाडीच्या रांगेत दिसले. मी हातातलं वर्तमानपत्र उघडून तोंडासमोर धरलं आणि त्यांची गाडी सुटेपर्यंत खाली घेतलं नाही.